दुसरा फेर

पिंजरेवाला स्वतःच्या पायांनी दारात आला, तेव्हा गाठवालीने त्याला साधं पाणीही विचारलं नाही. उंबऱ्याच्या आत बसून ती कुणाच्या तरी फाटक्या जाळ्यात सुई घालत होती, ती घालतच राहिली.

"वहिनी, बरं आहे ना सगळं?"

"दिसतंय तसं आहे, भाऊजी."

दिसत होतं ते असं. चुलीवर नुसत्या भाताचं पातेलं. भिंतीला पाठ टेकून बसलेली, मजुरीसाठी शहरात गेलेल्या मुलाची बायको, सून, सहावा महिना, पोट तेवढं पुढे आणि बाकी अंगावर मांस म्हणून नाही. आणि मागच्या पडवीत खाटेवर बसलेला नवरा. त्याला वस्ती अजून राखणदारच म्हणायची. राखण जाऊन वर्ष झालं होतं, पण चिकटलेलं नाव काही निघत नाही. तलाव समोरून दिसू नये म्हणून त्याने खाट फिरवून घेतली होती. दिवसभर तो मागच्या भिंतीकडे बघत बसायचा.

पिंजरेवाला त्याचाच चुलतभाऊ. गेल्या वर्षी त्याने तलावाच्या मध्यावर चार पिंजरे टाकले: वर पिंपांवर तरंगणारा लाकडी तराफा, खाली खोल सोडलेली चार जाळी, आणि आत पोसलेले मासे. तेव्हापासून त्याच्या पायात बूट आले आणि बोलण्यात गोडवा आला. आधी दोन्ही नव्हतं.

"चारही जाळी शेवाळाने भरलीत. कुठेकुठे विरलीत. नवी घ्यायची म्हटलं तर शहरातून यायला पंधरा दिवस. एवढ्या मोठ्या जाळ्याला हात घालणारं वस्तीत तुमच्याशिवाय आहे कोण?"

"बंदी सात दिवसांवर आली."

"बंदी तलावाला, वहिनी. माझे मासे माझ्या पिंजऱ्यात." तो हसला. "उलट बंदीतच तर मजा आहे. सगळ्यांची जाळी खुंटीला, बाजारात मासा नाही, आणि माझे पिंजरे भरलेले. बंदीच्या दहाव्या दिवशी काढणार. तांदळाचं एक पोतं पाठवतो तुम्हाला. सूनबाईच्या तोंडाकडे बघवत नाही हो." मग आवाज जरा चढवून, मागच्या पडवीपर्यंत जाईल असा, तो म्हणाला, "आणि दादाला म्हणावं, बसून बसून अंग आखडतं. माझ्या पिंजऱ्यांवर पहाऱ्याला माणूस पाहिजेच आहे. राखणीची सवय आहे त्याला."

मागे खाट करकरली.

गाठवालीच्या हातातली सुई थांबली. हा माणूस दारात उभा राहून नवऱ्याच्या तोंडावर थुंकला होता आणि वर पोतंही देऊ करत होता. पण तोंडाने ती म्हणाली, "करते. आधी जाळी पाण्यात कशी बसलीत ते बघावं लागेल. तराफ्यावर घेऊन चला."

तो गेल्यावर सून उसळलीच. "आई! त्याचं जाळं शिवणार तुम्ही? बाबांना काय वाटेल?"

"तू भात उतरव. करपतोय."

या तलावावर वस्तीचा एक नियम होता. माशाच्या पोटात अंडी भरली की दोन महिने कुणी पाण्यात जाळं टाकायचं नाही. टाकलंच, तर सगळ्यांसमोर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या हाताने स्वतःचं जाळं फाडायचं. आणि एरवी दर दिवशीची पहिली टोपली घरात कमावतं कुणी नाही अशांना, म्हाताऱ्यांना, पोटुश्या बायकांना जायची. ती वाटून झाली की मगच बाकीच्यांनी आपले मासे घरी न्यायचे. राखणदाराने बावीस वर्षं हे सांभाळलं होतं, डोळ्यांत तेल घालून.

गेल्या बंदीत एका पहाटे त्याने चुलतभावाला पकडलं. मच्छरदाणीएवढ्या बारीक भोकांचं जाळं घेऊन तो काठच्या लव्हाळ्यातली पिल्लं गाळत होता. भावाने पाय धरले, बायकोपोरांची शपथ घातली. राखणदाराचं मन लोण्याचं. त्याने जाळं तेवढं काढून घेतलं, आपल्या पडवीत टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिथेच त्याचं चुकलं. तिसऱ्या दिवशी भावानेच बोंब ठोकली, की राखणदारच पिल्लं चोरतो, पडवीत जाऊन बघा. लोकांनी बघितलं. जाळं होतंच. राखणदार मग खरं सांगायला लागला, पण दोन दिवस का गप्प बसलास, असं म्हणून लोकांनी ते धुडकावलं.

त्याने पाण्यात उभं राहून आपलं जाळं फाडलं. तेही गाठवालीनेच विणलेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तिच्या गाठी इतक्या पक्क्या, की त्याला फाडता फाडता दुपार झाली. काठावर माणसं उभी होती, कंटाळली, बसली, कुणी विडी पेटवली. त्या दुपारचा एकेक चेहरा तिच्या लक्षात होता.

त्या वर्षी तलावात मासा वाढलाच नाही. वाढणार कुठून? पिल्लंच गाळून गेलेली. लोक रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायला लागले, पहिली टोपली बंद पडली, आणि सगळे म्हणाले, राखणदाराने तलाव खाल्ला. पिंजऱ्यातले मासे कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. शहरातून पिल्लं विकत आणली, असं पिंजरेवाला सांगायचा. बूट घातलेल्या माणसाचं लोक ऐकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तराफ्यावर गेली. पिंजरेवाल्याने बाहेरगावचे दोन गडी ठेवले होते. वस्तीतल्या कुणाला तो तिकडे फिरकू देत नसे. एका गड्याने खाद्याची मूठ फेकली आणि पाणी उकळल्यासारखं झालं. हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या अंगावर चढत वर आले.

गाठवाली गुडघ्यांवर बसली आणि वाकून बघत राहिली. प्रत्येकाच्या शेपटीजवळ काळा ठिपका होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. असा ठिपक्याचा मासा या तलावाशिवाय दुसरीकडे तिने जन्मात पाहिला नव्हता. शहरातून येतात ती पिल्लं कोरी असतात.

"काय बघताय, वहिनी?"

"मासे चांगले पोसलेत, भाऊजी."

"जीव लावलाय त्यांना."

ती उठली. खरं म्हणजे तिला एवढंच बघायचं होतं. आता वस्तीत जाऊन ओरडावं, तर हिचा नवरा चोर, ही बोलणारच, असं म्हणून लोक तोंड फिरवणार. आणि ओरडून भागणार होतं का? बोलून मोकळं होण्याएवढा स्वस्त तिचा राग नव्हता.

एकेक पिंजऱ्यातले मासे शेजारच्या पिंजऱ्यात ढकलत गडी जाळी काठावर आणून टाकायला लागले. भिजलेलं जाळं चार माणसांना उचलत नव्हतं. हिरवट, बुळबुळीत, कुजलेल्या पाल्याचा वास मारणारं. सासूसुनेने ते उन्हात पसरलं, वाळवलं, काठीने बडवून शेवाळ काढलं. सुनेला वाकता येत नव्हतं, म्हणून ती बसून सुईत दोरा भरून द्यायची आणि गाठवाली भोकं सांधायची. डाव्या हातात बांबूची पट्टी, तिच्यावर दोरा घेतला की भोक न भोक सारख्या मापाचं. उजव्या हातात सुई. वरून खाली, मागून पुढे, पहिला फेर, दुसरा फेर, आवळ.

सगळी मेख या दुसऱ्या फेरात. नायलॉनचा दोरा मुळात गुळगुळीत. एकच फेर दिला तरी गाठ बसल्यासारखी दिसते, ओढून बघितली तरी तग धरते. पण पाण्यात रोज हलत राहिली, खालून दगडांचा भार ओढत राहिला, की पाच-सहा दिवसांत ती सरकते. नव्या पोरीला शिकवताना गाठवाली पहिली चापट मारायची ती या दुसऱ्या फेरासाठी.

पहिल्या जाळ्याच्या बाजू तिने चोख सांधल्या. मग तळाची शिवण घेतली, जिथे जाळ्याचे दोन भाग जोडतात आणि जिथे दगड बांधतात. जुना दोरा उसवून टाकला आणि सुई घातली. पहिला फेर दिला आणि आवळणार, तेवढ्यात हाताने आपसूकच दुसरा फेर देऊन टाकला.

तिने गाठ सोडली. पुन्हा मारली. हात पुन्हा तेच करून बसला. चाळीस वर्षांची सवय, ती काय तिचं ऐकणार! पहिल्या वीस गाठी तिने मारल्या आणि वीसच्या वीस सोडल्या. कपाळावर घाम आला. स्वतःच्याच हाताशी असं भांडावं लागेल, असं तिला वाटलं नव्हतं. शेवटी पहिला फेर दिला की ती मनगट मांडीवर दाबून धरायला लागली, आणि डोळ्यांसमोर तो दारातला हसरा चेहरा आणायला लागली. मग जमलं.

दुसऱ्या जाळ्याच्या वेळी सुनेच्या लक्षात आलं. तिला गाठ शिकवली होती ती याच हातांनी.

"आई, दुसरा फेर राहिला."

"राहू दे."

"या गाठीचाही राहिला. तिच्या मागच्या..." सून बोलायची थांबली. तिने शिवणीवरून लांबवर नजर टाकली, मग सासूकडे बघितलं. दूर गडी दगड मोजत बसले होते. सुनेने खाली मान घालून दुसरी सुई भरायला घेतली. भरलेली सुई पुढे करत ती म्हणाली, "दोरा जरा ओला करून देऊ का? आवळल्यावर गाठ जास्त चांगली दिसेल."

गाठवालीला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी चारही जाळी परत पाण्यात गेली. पिंजरेवाल्याने शिवणी ओढून बघितल्या, वाहवा केली. पोतं आलं. गाठवालीने ते उघडून तांदूळ शिजवला आणि पोटभर खाल्ला. राखणदार मात्र जेवला नाही.

"त्याच्या तांदळाचा भात माझ्या घशाखाली उतरत नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुझ्या कसा उतरतो?"

"उतरतो," ती म्हणाली. "मी चावून खाते."

सातव्या दिवशी बंदी लागली. जाळी खुंट्यांवर चढली, होड्या काठावर ओढून पालथ्या घातल्या. राखणदाराची जागा रिकामीच होती. वस्तीत सगळ्यांत वडीलधारा नावाडीबाबा, त्याने बंदीची नावापुरती हाक दिली, आणि लोक सुक्या माशांच्या मडक्यांत हात घालून तळ चाचपत घरी बसले. पूर्वी बंदीच्या आधी ती मडकी गळ्यापर्यंत भरायची.

बंदीच्या चौथ्या दिवशी, नुकतं उजाडलं असताना, तराफ्यावरून आरडाओरडा ऐकू आला.

गाठवाली काठावर पोचली तोवर अर्धी वस्ती जमली होती. तराफा उंच उचलल्यासारखा दिसत होता, गड्यांनी वर ओढलेली चारही जाळी रिकामी लोंबकळत होती. आणि काठच्या लव्हाळ्यात पाणी सळसळत होतं. एक मासा उसळला, मग दुसरा, मग जिकडे बघावं तिकडे. अंड्यांनी पोटं टरारलेल्या माद्या उथळ पाण्यात घुसत होत्या. वर्षभर असं पाणी कुणी बघितलं नव्हतं.

पिंजरेवाला होडीतून उडी टाकून काठावर आला, बुटांत पाणी भरलेलं. "जाळं! ओढायचं जाळं आणा रे! माझे मासे आहेत!"

गाठवालीने त्याच्या चेहऱ्याकडे डोळे भरून बघितलं. किती गोड वाटलं तिला, काय सांगावं! पण तेवढ्यात बाजूने एक बाई टोपली घेऊन धावली. तिच्यामागे दोघे घरी पळाले आणि जाळी घेऊन परत आले. "त्याने टाकलं तर आपण का नाही टाकायचं?" कुणीतरी ओरडलं. "पोरं उपाशी आहेत!"

हे तिने धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, मासे सुटतील, बंदीत त्याला हात लावता येणार नाही, तो हात चोळत बसेल. भुकेल्या वस्तीचा विचार तिने केला नव्हता. आज एकदा जाळी पडली की दुपारपर्यंत तलाव धुऊन निघणार, अंड्यांसकट. पुढे कायमचा रिकामा. नवऱ्याने बावीस वर्षं जे राखलं, ते तिच्याच गाठीने संपणार होतं.

"थांबा!" ती ओरडली. कुणी वळूनही बघितलं नाही.

तेव्हा लोकांच्या मागून एक माणूस पुढे आला. वर्षभर न चाललेले पाय ओढत तो येत होता. त्याच्यामागे सून धापा टाकत होती. तिनेच जाऊन खाट गदागदा हलवली होती. राखणदार सरळ पाण्यात शिरला, कमरेपर्यंत गेला, आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. बरोबर जिथे त्याने जाळं फाडलं होतं तिथे.

"दादा, बाजूला हो!" पिंजरेवाला म्हणाला. "माझा माल आहे!"

राखणदाराने लव्हाळ्यात हात घातला आणि एक मासा पकडून वर धरला. मासा तडफडत होता, पण त्याने तो सुटू दिला नाही.

"नावाडीबाबा, इकडे या. शेपटी बघा. हा ठिपका कुठल्या शहरात मिळतो?"

म्हातारा काठी टेकत पाण्यात आला. डोळे बारीक करून त्याने बघितलं, बोटाने ठिपका चोळून बघितला. काठावरची जाळी हळूहळू खाली आली. लोक आता वाकून पाण्यातल्या शेपट्या बघायला लागले.

"हा आपला मासा आहे," नावाडीबाबा म्हणाला.

"गेल्या वर्षी मी दोन दिवस गप्प बसलो," राखणदार बोलायला लागला. "भाऊ म्हणून बसलो. ते चुकलं, त्याची शिक्षा भोगली. आज गप्प बसणार नाही. बंदी आहे. त्याला आहे, तुम्हाला आहे, मला आहे. भूक मला कळत नाही असं नाही, माझी सून ही समोर उभी आहे, बघा तिच्याकडे. पण या पोटातली अंडी आज खाल्लीत, तर तिच्या पोटातलं उद्या काय खाईल? दोन महिने. मग ज्याच्या जाळ्यात येईल त्याचा. आणि पहिली टोपली पहिल्यासारखी."

त्याने मासा पाण्यात सोडला. टोपलीवाली बाई क्षणभर उभी राहिली, मग टोपली पालथी घालून तिच्यावरच बसली. बाकीचेही थांबले.

पिंजरेवाल्याने इकडेतिकडे बघितलं. आपल्या बाजूने कुणी नाही हे कळल्यावर तो होडीकडे धावला आणि तराफ्यावरून होडीत टाकून आणलेल्या जाळ्याचं एक टोक ओढत घेऊन आला. "आणि हे? हे कुणी केलं? ही शिवण बघा! एकेक गाठ सरकलीय! दुसरा फेरच नाही! हिने, हिने माझा सत्यानाश केला!"

सगळे गाठवालीकडे वळले. नावाडीबाबाने शिवण हातात घेतली, नाकाजवळ धरून बघितली. म्हातारा भला माणूस. त्याने घसा खाकरला. "वय झालंय तिचंही. नजर कमी झाली असेल. उन्हातान्हात, पोटात काही नसताना एवढं काम... चुकून राहिला असेल फेर. काय गं, चुकूनच ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सून तिच्याकडे बघून मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा. राखणदारही पाण्यातून बघत होता.

पण पिंजरेवाल्याच्या तोंडावर ती हळूच उमटताना तिला दिसली, चुकून झालं असेल ही समजूत. नशिबाने दगा दिला, म्हातारीचे डोळे गेले, असं म्हणून हा उद्या झोपेल. तिला ते सहन होईना.

"चुकून नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत माझी एक गाठ चुकून सुटलेली नाही. चार जाळ्यांचा तळ मी मोजून सोडला. एकेक फेर गाळताना तुझं नाव घेत होते." आयुष्यात पहिल्यांदा ती दिराला अरेतुरे करत होती, आणि जीभ अडखळली नाही. "तू माझ्या नवऱ्याला या पाण्यात उभं केलंस. आता तू काठावर उभा राहा."

नावाडीबाबा राखणदाराकडे वळला. "तू पुन्हा राखणीला उभा राहिला आहेस. मग हेही तूच सांग."

राखणदाराने बायकोकडे बघितलं. तिला वाटलं, हा आता हसेल. तो हसला नाही.

"खोटी गाठ मारणाऱ्या हातात जाळं द्यायचं नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही. आमच्या घरातलंही नाही."

घाव वर्मी लागला. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. याच्यापेक्षा कमी काही तो बोलला असता, तर तो राखणदार कसला?

त्या दिवसापासून तिची सुई सुनेकडे गेली. राखणदार पहाटेच काठावर जायचा, संध्याकाळी परत यायचा. खाट त्याने तलावाकडे फिरवून घेतली. बायकोशी तो कामापुरतं बोलायचा. तिचे हात रिकामे राहिले. झोपेतही बोटं हलायची, पहिला फेर, दुसरा फेर.

दिवसा करायला काही नव्हतं, म्हणून तीही काठावर जाऊन बसायला लागली. पिंजरेवाला रोज तिथे असायचा. त्याचे गडी निघून गेले होते, तराफा एका बाजूला कलला होता. तो पालथ्या होडीवर बसून लव्हाळ्यात उसळणारे मासे बघायचा. लव्हाळ्याच्या मुळांशी आता पिल्लांचे ढग दिसायला लागले होते. ती त्याच्यापासून चार हातांवर, त्याचा चेहरा नीट दिसेल अशी बसायची.

एका सकाळी तो वैतागला. डोळे खोल गेले होते, दाढी वाढलेली. "मासे गेले, पिंजरे गेले. वस्तीत कुणी उभं करत नाही. तुझाही हात गेला, वहिनी. आता अजून काय हवंय तुला? रोज येऊन काय बघतेस?"

"तो वर्षभर बसला होता," गाठवाली म्हणाली. "तुला बसून आज अठराच दिवस झालेत."

ऊन चढायला लागलं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि पाय पसरून नीट बसली.